वाड्यातून आलेल्या दोन ट्रंका आणि स्थानिक इतिहासाचे कपाट

जुन्या नाशकातील एका वाचनालयात नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपालांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या स्थानिक इतिहास विभागात गेल्या सहा महिन्यांत बरीच भर पडली. पुनर्विकासासाठी रिकाम्या होणाऱ्या एका वाड्यातून मोडी कागद, हिशेबाच्या वह्या आणि छायाचित्रे यांनी भरलेल्या दोन ट्रंका आल्या, निरनिराळ्या संस्थांच्या स्मरणिकांचा एक मोठा गठ्ठा भेट मिळाला आणि काही नवी पुस्तके विकत घेतली गेली. यातले काय ठेवावे, त्याची नोंद कशी करावी आणि वाचकांपर्यंत ते कसे न्यावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सूचनाफलकावर लावलेली ‘नवीन दाखल’ यादी कोणी वाचत नाही, हे त्यांनी खंतावून लिहिले आहे. मी नाशिक जिल्ह्यातच तीस वर्षांहून अधिक काळ संदर्भ विभागाचे काम केले आहे, त्यामुळे जे अनुभवाने कळले ते सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक विनंती करतो. ट्रंका अजून उपसल्या नसतील तर उपसू नका, आणि उपसल्या असतील तर निदान कागदांची ‘व्यवस्थित’ लावालावी थांबवा. स्थानिक इतिहासाच्या कागदाचे निम्मे मोल त्याच्या मजकुरात असते आणि निम्मे तो कुठून, कोणाकडून आणि कोणत्या कागदांच्या सोबतीने आला यात असते. मजकूर कागदावर राहतोच; तो आज नाही तर दहा वर्षांनी कोणीतरी वाचील. त्याची हकीकत मात्र देणाऱ्याच्या तोंडी असते, आणि ती त्याच आठवड्यात लिहून घेतली नाही तर पुन्हा मिळत नाही.

हे मला एका चुकीतून कळले. मी नोकरीत नवा असताना आमच्या वाचनालयात तांबट आळीतील एका व्यापारी घराण्याच्या वह्या आल्या. लांबट, वरच्या बाजूने उलगडणाऱ्या, जाड शिलाईच्या त्या वह्या मळकट लाल रुमालांत बांधलेल्या होत्या. आम्ही उत्साहाने रुमाल सोडले, धूळ झटकली, वह्या आकारमानाप्रमाणे फळीवर लावल्या आणि रुमाल टाकून दिले. पुढे काही महिन्यांनी कपाटामागे पडलेला एक रुमाल सापडला. त्याच्या कोपऱ्यावर काळ्या शाईने साल आणि दुकानाचे नाव लिहिलेले होते. त्या घरातील दोन भावांची दोन दुकाने होती, एकाचा व्यवहार भांड्यांचा आणि दुसऱ्याचा पत्र्याचा, आणि कोणती वही कोणत्या दुकानाची हे फक्त त्या रुमालांवरच नोंदलेले होते. आज त्या वह्यांपैकी निम्म्यांबद्दल निश्चित काहीच सांगता येत नाही. वह्या जशाच्या तशा आहेत, आकडे वाचता येतात, पण ते आकडे कोणाचे हे गेले. त्यानंतर मी बांधणीचे कापड, सुतळी, पाकीट, डब्याचे झाकण यांपैकी काहीही नोंद केल्याशिवाय टाकलेले नाही.

म्हणून ट्रंक उघडल्यावर प्रत्येक थराचे मोबाइलने छायाचित्र घ्या, गठ्ठा सोडण्यापूर्वी त्याला पेन्सिलीने लिहिलेली क्रमांकाची चिठ्ठी लावा आणि आतले कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा. वाड्यात ती ट्रंक कुठे होती हेही विचारा. माळ्यावरची ट्रंक, देवघराजवळच्या कोनाड्यातले बासन आणि ओसरीवरच्या दिवाणजीच्या पेटीतले कागद हे एकाच घरातले असले तरी तीन वेगळ्या कामांचे असतात. देणगीदार कुटुंबातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला चहाला बोलवा किंवा तुम्ही त्यांच्याकडे जा, आणि त्यांच्या परवानगीने अर्धा तास बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्या. घर कोणी बांधले, भाडेकरू कोण होते, कोणत्या पिढीत कोणता धंदा बंद झाला, छायाचित्रातल्या माणसांची नावे काय, एवढे चार प्रश्न पुरतात. वाडा उतरवण्याआधी हे बोलणे वाड्यातच बसून झाले तर फारच उत्तम, कारण माणसाला खांब, जिना आणि न्हाणीघर समोर दिसले की आठवणी आपोआप येतात.

त्याच भेटीत देणगीपत्रावर सही घ्यावी. कागदांची मालकी वाचनालयाकडे येते की ते केवळ सांभाळण्यासाठी दिलेले आहेत, वाचनालयाला नको असलेले कागद परत करायचे की नष्ट करायचे, आणि काही कागद ठरावीक वर्षांपर्यंत वाचकांना दाखवू नयेत अशी कुटुंबाची इच्छा आहे का, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. पुढच्या पिढीतील कोणी येऊन ‘आमच्या आजोबांचे कागद परत द्या’ असे म्हणते तेव्हा तोंडी शब्द उपयोगी पडत नाही.

आता कागदांच्या प्रकृतीबद्दल. नव्याने आलेला गठ्ठा थेट कपाटात ठेवणे म्हणजे कसर आणि वाळवी यांना आमंत्रण देणे होय. किमान तीन आठवडे तो वेगळ्या, कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा. उन्हात वाळवू नका, कारण उन्हाने शाई फिकी होते आणि कागद तडकतो. रोज पाहून खाली ताजा भुसा पडतो का ते तपासा. कीड जिवंत आहे असे दिसले तर गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण एक दिवस तशीच राहू द्यावी, म्हणजे दव कागदावर न धरता पिशवीवर धरते. हा उपाय कागदांसाठीच आहे. छायाचित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह यांना तो लावू नये. वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत घालून ठेवण्याची आपली जुनी पद्धत वाईट नाही, पण त्याने कीड दूर राहते, आत शिरलेली मरत नाही. डांबरगोळ्या मात्र छायाचित्रांजवळ मुळीच ठेवू नयेत.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावण्याचा मोह होतो. तो टाळा. चार-पाच वर्षांत पट्टी पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि त्यानंतर पट्टी काढली तर अक्षरे तिच्याबरोबर येतात. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते परत फिरवता येत नाही. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठाची ताजी खळ यांनी केलेली डागडुजी पाण्याने सोडवता येते. कधीही तीच करावी, आणि हात बसलेला नसेल तर काहीच न करता फाटलेला कागद स्वच्छ, दुमडलेल्या कोऱ्या कागदात ठेवणे चांगले. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, कारण पावसाळ्यात त्या गंजतात आणि कागदाला भोके पाडतात. एक गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटते, ती अशी की तुमच्या ट्रंकेतला हातकागदावरचा दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद बहुधा आज विकत घेतलेल्या वृत्तपत्रापेक्षा जास्त टिकेल. हातकागद चिंध्यांचा आणि तागाचा असतो, शाई काजळीची असते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात मात्र आम्ल असते आणि ते त्याला आतून खाते. त्यामुळे काळजीचा क्रम वयानुसार न लावता कागदाच्या जातीनुसार लावा. ट्रंकेत १९४० नंतरची कात्रणे असतील तर आधी त्यांची स्कॅन प्रत करून घ्या.

मोडी वाचणारे कोणी उपलब्ध नाही म्हणून गठ्ठे वर्षानुवर्षे बंद ठेवू नयेत. ढोबळ ओळख मोडी न येताही करता येते. वहीच्या पहिल्या पानावर श्रीकार, वहीपूजनाची तिथी आणि साल असते, कारण व्यापारी वही बहुतेक दिवाळीतच सुरू होते. लांब घडीच्या कागदावर मायन्यानंतर येणारा सन आणि चंद्र (म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख) ओळखायला शिकलात तरी अर्धे काम होते. सालाचा हिशेब असा : शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, फसलीत (महसुली सालात) ५९० आणि मराठी दप्तरांत आढळणाऱ्या सुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात, वर्षारंभ निराळे असल्याने वर्षाच्या काही महिन्यांत एकाचा फरक पडतो. म्हणून नोंदीत मूळ साल जसे लिहिले आहे तसे आधी लिहावे आणि रूपांतर त्यानंतर कंसात द्यावे. रूपांतर चुकले तर दुरुस्त करता येते. मूळ सालच गाळले तर चूक झाली हेही कळत नाही.

आता काय ठेवावे याबद्दल. बहुतेक वाचनालये स्थानिक इतिहास म्हणजे स्थानिक इतिहासावरची पुस्तके असे समजतात, आणि तेथेच संग्रह अडतो. पुस्तके हवीतच. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा सोळावा खंड, जो नाशिक जिल्ह्याचा आहे, तो प्रत्येक संग्रहात असलाच पाहिजे, कारण त्या काळातील पेठा, घाट, धंदे आणि रस्ते यांचे इतके बारीक वर्णन अन्यत्र नाही. पण तो खंड आज स्कॅन स्वरूपात सहज मिळतो आणि जगात त्याच्या अनेक प्रती आहेत. तुमच्या गठ्ठ्यातली एखाद्या व्यायामशाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात नसण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती छपाईचे कुलवृत्तांत, गावगाथा, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, नाट्यगृहाची हँडबिले, लग्नपत्रिका, सिनेमाची जाहिरातपत्रके यांना कोणी विक्रेता नाही आणि त्यांच्या प्रती कायद्याने कुठल्या राष्ट्रीय ग्रंथालयात जात असतील यावर भरवसाही नाही. जे दुसरीकडे मिळते ते सावकाश घेता येते. जे फक्त आपल्या गल्लीत आहे ते आपणच ठेवायचे.

स्मरणिकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बांधणी करताना कित्येक जण जाहिरातींची पाने काढून टाकतात आणि लेख तेवढे ठेवतात. माझ्या अनुभवात वाचकांनी सर्वाधिक वापरलेली पाने जाहिरातींचीच आहेत. १९४२ साली आचार्य अत्रे यांच्या अध्यक्षतेखाली, २००५ साली केशव मेश्राम यांच्या अध्यक्षतेखाली आणि २०२१ साली जयंत नारळीकर यांची अध्यक्षपदी निवड झालेले, अशी साहित्य संमेलने नाशकात झाली. अशा प्रसंगांची छापील सामग्री समोर ठेवली की भाषणे इतरत्रही मिळतात हे ध्यानात येते. पण मेन रोडवर तेव्हा कोणती दुकाने होती, कोणत्या पेठेत कोणता छापखाना होता, दूरध्वनी क्रमांक किती आकडी होता, हे त्या जाहिरातींखेरीज कोठेही मिळत नाही. घराण्याचा, दुकानाचा किंवा रस्त्याचा शोध घेणारा माणूस नेमके तेच शोधत येतो.

छायाचित्रांकडे जरा अधिक वेळ द्यावा. गोदाघाटाची छायाचित्रे प्रत्येक जुन्या घरात असतात आणि त्यांच्यामागे तारीख क्वचितच असते. पुराची छायाचित्रे मात्र ओळखता येतात, कारण नाशिककर पाणी मोजतात ते गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, मारुती बुडाला, या भाषेत. १९६९ च्या महापुराची आणि २ ऑगस्ट २०१६ च्या पुराची छायाचित्रे शेजारी ठेवली तर मारुतीभोवतीची दुकाने, दिव्यांचे खांब आणि पुलांचे कठडे यांवरून कोणते छायाचित्र कोणत्या पुराचे हे सांगता येते, आणि मधल्या वर्षांची अनोळखी छायाचित्रेही त्यांच्याशी ताडून पाहता येतात. देणगीदाराला छायाचित्र दाखवताना ‘हे कोणते साल’ असे विचारू नये, कारण मनुष्य सालाचा अंदाज बांधतो आणि तोच पुढे खरा म्हणून नोंदला जातो. ‘यात तुम्ही कितवीत होता’, ‘तेव्हा घरात सायकल होती का’ असे विचारले की उत्तर अधिक भरवशाचे येते. नावे छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नका, उमटते. मऊ पेन्सिलीने कडेला क्रमांक घाला आणि नावे नोंदवहीत लिहा.

भेट म्हणून आलेली प्रत्येक वस्तू देणारा सांगतो तशी असतेच असे नाही, आणि यात त्याचा खोटेपणा नसतो. अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि त्या प्रसंगाशी जोडलेल्या वस्तू नाशकातील अनेक घरांत श्रद्धेने जपलेल्या आहेत. एका गृहस्थांनी माझ्याकडे त्या काळातले ‘मूळ’ छायाचित्र म्हणून चौकटीत बसवलेले एक चित्र आणले. भिंग धरल्याबरोबर त्यावर छपाईचे बारीक, ओळीने मांडलेले ठिपके दिसले. म्हणजे ते कोणत्या तरी अंकातून कापलेले चित्र होते. मी त्यांना तसे सांगितले आणि तरीही ते चित्र ठेवून घेतले, कारण त्या घराने ते ऐंशी वर्षे भिंतीवर लावले होते हीसुद्धा नाशिकच्या इतिहासातली नोंद आहे. नोंदवहीत मात्र ‘छापील चित्र, चौकटीसह, घरात लावलेले’ असेच लिहिले, ‘मूळ छायाचित्र’ असे नाही.

काही गोष्टी घेऊ नयेत, किंवा घेतल्या तरी परत कराव्यात. ट्रंकेत मूळ खरेदीखते, वाटणीपत्रे किंवा न्यायालयीन हुकूमनामे असतील तर त्यांची प्रत ठेवून मूळ कागद कुटुंबाला पोच घेऊन परत द्या; वाडा पुनर्विकासाला गेलेला असताना हे कागद जिवंत असतात आणि भाऊबंदकीच्या वादात वाचनालयाने अडकू नये. पंचवटीतील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या वाचनालयाने मागू नयेत. यात्रेकरूंच्या पिढ्यान्पिढ्यांच्या सह्या आणि वंशावळी त्यांत आहेत, हे खरे. पण त्या त्या घराण्यांच्या आजच्या उपजीविकेच्या वह्या आहेत, आणि त्यांना संग्रहालयाची वस्तू समजणे योग्य नाही. त्या कशा चालतात याची माहिती त्यांच्या संमतीने नोंदवून ठेवता येते, तेवढेच करावे. खाजगी पत्रांत आजारपण, दत्तक, घटस्फोट, कर्ज असे विषय आले आणि त्यातली माणसे किंवा त्यांची मुले हयात असली, तर ती पत्रे ठरावीक काळ बंद ठेवावीत.

आणखी एक बाब मनापासून लिहितो. आपल्याकडचे स्थानिक इतिहासाचे कपाट उघडले की मंदिरे, वाडे, पेशवाईतले सरदार आणि क्रांतिकारक एवढेच दिसतात. कारण सरळ आहे. ज्यांच्या घरांना माळे होते त्यांचेच कागद टिकले आणि तेच भेट म्हणून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह ही या शहराच्या विसाव्या शतकातील सर्वांत मोठी घटना आहे. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या नाशिकच्याच नेत्याने ती लढाई स्थानिक पातळीवर चालवली. तरी त्या चळवळीत गेलेल्या सामान्य स्त्रीपुरुषांच्या घरचे कागद, छायाचित्रे आणि आठवणी आपल्या वाचनालयांत किती आहेत, हे तुम्ही तुमच्याच नोंदवहीत शोधून पाहा. तसेच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधल्या कामगारांच्या वसाहती, सातपूरच्या कारखान्यांतील संघटनांची पत्रके, जुन्या नाशकातील उर्दू कागद, पेठ आणि सुरगाण्याकडून शहरात आलेल्या आदिवासी कुटुंबांची हकीकत, येवल्याच्या पैठणी विणकरांच्या वह्या. हे सर्व देणगीदार आपण होऊन दारात येणार नाहीत. त्यांच्याकडे आपणच गेले पाहिजे, आणि पहिल्या भेटीत काही मागू नये. आपल्याकडे काय आहे ते दाखवावे आणि त्यांचे ऐकावे. ज्या घरात कागदच नाही तेथे ध्वनिमुद्रण हाच दस्तऐवज आहे, त्यालाही पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्यावा.

येणाऱ्या सिंहस्थाची तयारी शहरात चालू आहे. २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थातील वाहतुकीचे नकाशे, भाविकमार्गांची पत्रके, आखाड्यांच्या मिरवणुकीच्या वेळा, स्वयंसेवकांचे बिल्ले हे सर्व लाखोंनी छापले गेले आणि दुसऱ्या महिन्यात रद्दीत गेले. आज त्यातले एखादे पत्रक हवे असेल तर मिळवणे कठीण आहे. यावेळी पहिल्या सूचनेपासूनच प्रत्येक छापील वस्तूच्या दोन प्रती उचलून, मागे मिळाल्याची तारीख आणि जागा लिहून एका पेटीत टाकत जा. याला पैसा लागत नाही, फक्त सवय लागते.

नोंदीबाबत तांत्रिक मुद्दे थोडक्यात देतो. सुटे कागद पुस्तकांच्या दाखल रजिस्टरात चढवू नका, कारण वार्षिक साठा तपासणीच्या वेळी प्रत्येक कागद मोजावा लागेल आणि पुढे निर्लेखनाचा (म्हणजे नोंद रद्द करण्याचा) घोळ होईल. हस्तलिखिते आणि संकीर्ण सामग्री यांची स्वतंत्र नोंदवही ठेवा. एका देणगीला एक क्रमांक, त्याखाली गठ्ठ्यांचे उपक्रमांक, आणि मग सवडीने एकेका कागदाचे. छापील पुस्तकांसाठी ड्युई या वर्गीकरण पद्धतीत महाराष्ट्राचा ९५४.७९२ हा वर्गांक आहे, पण नाशिकच्या संग्रहात सगळीच पुस्तके त्याखाली येऊन पडतात आणि वर्गीकरणाचा उपयोग राहत नाही. त्यामुळे ‘नाशिक’ असे चिन्ह वर ठेवून त्याखाली विषयाचा नेहमीचा वर्गांक द्यावा, म्हणजे नदी, शिक्षण, नाटक, शेती असे विभाग आपोआप पडतात. तालिकेत (कॅटलॉगमध्ये) नाशिक, नासिक आणि मोगल काळातले गुलशनाबाद ही तिन्ही नावे एकमेकांकडे निर्देश करतील अशी सोय करा. व्हिक्टोरिया पूल आणि अहिल्यादेवी होळकर पूल यांचीही तीच व्यवस्था करा. जुन्या पत्रात जुनेच नाव असते आणि आजचा वाचक नव्या नावाने शोधतो.

हक्कांच्या बाबतीत वारंवार होणारी गल्लत अशी की कागद आपल्याकडे आला म्हणजे तो छापण्याचा हक्कही आला, असे समजले जाते. तसे नाही. पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर त्याच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून १९४४ साली नाशकात निधन पावलेल्या दादासाहेब फाळके यांचे प्रसिद्ध लेखन २००५ पासून सर्वांना खुले आहे, तर १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांचे २०५९ च्या अखेरपर्यंत नाही. जतनासाठी स्कॅन करून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, संकेतस्थळावर टाकताना मात्र विचार करा. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, हेही लक्षात असू द्या. ती विकण्याची किंवा परदेशी पाठवण्याची गोष्ट कोणी काढली तर तेथेच थांबवा.

शेवटी यादीबद्दल. यादी कोणी वाचत नाही, कारण तिच्यात दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि किंमत असते. ती लेखापरीक्षकासाठी असते, वाचकासाठी नसते. ‘किरकोळ मोडी कागद, एक गठ्ठा’ हे वाचून कोण येईल? महिन्यातून पाच-सहाच नोंदी लावा, पण प्रत्येक नोंदीत तो कागद काय सांगतो, कोणत्या आळीचा आहे आणि वाचनालयात तो कधी पाहता येईल हे चार ओळींत लिहा. आळीचे नाव ठळक लिहा. माणूस आधी आपल्या आळीचे नाव पाहतो आणि मग उरलेले वाचतो. कुटुंबाची संमती असल्याशिवाय देणगीदाराचे नाव लिहू नका. तुमच्या पहिल्या ट्रंकेची नोंद, तुम्ही पत्रात जेवढे वर्णन केले आहे त्यावरून, साधारण अशी होईल :

‘जुने नाशिक. पाडण्यात येणाऱ्या एका वाड्याच्या माळ्यावरील लोखंडी ट्रंकेतून : किराणा दुकानाच्या रोजमेळाच्या अकरा वह्या, मोडी, पहिल्या वहीवर शके १८३४ (इसवी सन १९१२); गूळ, रॉकेल आणि खोबरे यांचे रोजचे भाव. सोबत गोदाघाटावरील एका पुराची सात छायाचित्रे, साल अनिश्चित, एकात दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी. छायाचित्रांतील माणसे अद्याप ओळखलेली नाहीत; ओळखणाऱ्यांनी शनिवारी दुपारी ३ ते ५ या वेळात संदर्भ विभागात यावे, चष्मा बरोबर आणावा.’